इसार दिला आणि मालक गेले

पुणतांब्याच्या गावठाणात जुनं घर विकायला निघतं, तेव्हा बहुधा आधी शब्द ठरतो आणि कागद मागून येतो. लाख-दोन लाख इसार, पाचशेच्या स्टॅम्पवर दोन पानं, दोघांच्या साक्षी आणि ‘उसाचं बिल आलं की खरेदी उरकू’ असं आश्वासन. त्या मधल्या चार-सहा महिन्यांत घरमालकच वारले, तर घेणाऱ्याच्या पोटात गोळा येतो. पैसे गेले, घरही गेलं, असंच त्याला वाटतं.

तसं होत नाही. करार करणारा वारला तरी करार उरतो आणि करारातच वेगळं काही ठरलेलं नसेल तर तो वारसांवर बंधनकारक असतो, असं १८७२च्या करार कायद्याचं कलम ३७ सांगतं. वारसांकडून करारपूर्ती मागता येते, हे १९६३च्या स्पेसिफिक रिलीफ ॲक्टमध्येही आहे. मात्र साठेखत किंवा इसार पावती हातात असल्याने तुम्ही घराचे मालक होत नाही. खरेदीखत करून मागण्याचा हक्क तेवढा मिळतो. तुम्ही दिलेल्या इसाराच्या रकमेचा त्या घरावर बोजा असतो, म्हणजे वारसांनी व्यवहार मोडला तरी ती रक्कम हवेत जात नाही.

मग सही कुणाची घ्यायची? बहुतेक व्यवहार इथेच फसतात. मृत्युपत्र नसेल तर हिंदू पुरुषाच्या मागे त्याची पत्नी, मुलगे, मुली आणि आई हयात असेल तर आई, हे सगळे सारख्या हिश्शाने वारस होतात. आधी वारलेल्या मुलाची किंवा मुलीची मुलंही त्यांच्या हिश्शाला येतात. गावात मात्र दोन भाऊ पुढे होऊन म्हणतात, “बहिणींचं काही नाही, त्या येतील सहीला.” नाशिकला किंवा पुण्याला दिलेल्या बहिणीची सही नसेल, तर तुम्ही घेतलेल्या खरेदीत तिचा हिस्सा येतच नाही. तिला हक्क सोडायचाच असेल तर तिने नोंदणीकृत हक्कसोडपत्र करून द्यावं. तोंडी होकाराला इथे किंमत नाही. वारसांत अज्ञान मूल असेल तर आईची सही पुरत नाही. त्याच्या वाट्यासाठी जिल्हा न्यायालयाची परवानगी घ्यावी. ती न घेता केलेली विक्री ते मूल सज्ञान झाल्यावर रद्द करून मागू शकतं.

मालकाने हयातीत कुणाला मुखत्यारपत्र दिलं असेल, तर तो माणूस अजूनही सही करायला तयार असतो आणि घेणाऱ्यालाही ते सोपं वाटतं. साधं मुखत्यारपत्र देणाऱ्याच्या मृत्यूबरोबर संपतं. त्या सहीवर घर घेऊ नका.

वारस ठरले की ग्रामपंचायतीच्या नमुना ८ वर आणि मिळकत पत्रिका निघालेली असेल तर तिच्यावरही वारसांची नावं लावून घ्यायची. घर शेतात असेल तर सातबारावर वारसनोंद लागते. तिचा फेरफार मंजूर झाल्याशिवाय पुढे जाऊ नये. मात्र ही नोंद मालकी ठरवत नाही. वारसांत वाद असेल तर दिवाणी न्यायालयातून वारस दाखला आणावा लागतो. त्याचा आधार १८२७चं मुंबई रेग्युलेशन, जे आजही लागू आहे.

सगळ्यात जास्त नुकसान मात्र भिडेपोटी होतं. घरात दुःख आहे, दहावं-तेरावं होऊ द्या, वर्षश्राद्ध होऊ द्या, मग बोलू, असं घेणारा म्हणतो. त्याची माणुसकी खरी आहे आणि ती असायलाच हवी. पण मुदतीचा कायदा सुतक पाळत नाही. करारात खरेदीची तारीख ठरली असेल तर त्या तारखेपासून, नसेल तर वारसांनी नकार दिल्याचं कळल्यापासून तीन वर्षांत दावा लावावा लागतो. म्हणून तेराव्यानंतर शांतपणे जावं, उरलेले पैसे तयार असल्याचं सांगावं आणि मुदत वाढवून देणारा पुरवणी करार सगळ्या वारसांच्या सह्यांनिशी लिहून घ्यावा. यात कुणाचा अपमान नाही. ते टाळाटाळ करू लागले तर वकिलामार्फत नोटीस द्यावी, आणि आपण पैसे द्यायला तयार होतो हे दाखवणारे बँकेचे उतारे जपावेत. दाव्यात पहिला प्रश्न त्याचाच येतो.

न्यायालयात जिंकणंही स्वस्त नसतं. लेखक सलमान रश्दी यांचे वडील अनीस रश्दी यांनी दिल्लीच्या फ्लॅगस्टाफ रोडवरचा बंगला डिसेंबर १९७०मध्ये ३ लाख ७५ हजारांना विकायचा करार भिकूराम जैन यांच्याशी केला आणि ५० हजार आगाऊ घेतले. व्यवहार अडला. जैन १९७७मध्ये न्यायालयात गेले. १९८७मध्ये अनीस रश्दी वारले, पुढे जैनही गेले, आणि दोघांचे वारस लढत राहिले. डिसेंबर २०१२मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जैन यांच्या वारसांच्या बाजूने निकाल दिला, पण किंमत त्या निकालाच्या दिवशीच्या बाजारभावाने द्यायची होती. बेचाळीस वर्षांनी हक्क मिळाला, भाव मात्र गेला.

मालकाने खरेदीखतावर सही केली आणि नोंदणीआधीच ते वारले, तर तो कागद वाया जात नाही. त्यांच्या वारसांनी दुय्यम निबंधकांसमोर येऊन ती सही मान्य केली की नोंदणी होते. सहीपासून चार महिन्यांची मुदत असते, आणि अपरिहार्य कारण असेल तर दंड भरून आणखी चार महिने मिळतात. मालक अंथरुणाला खिळलेले असतील तर अर्ज केल्यावर दुय्यम निबंधक घरी येऊनही नोंदणी करू शकतात. कुणाला तालुक्याला, राहात्याला उचलून नेण्याची गरज नसते, हे पुष्कळांना ठाऊकच नसतं.

मी तर म्हणेन, मालक वयस्क असोत की तरणेबांड, स्टॅम्पवरच्या दोन पानांवर थांबू नका. साठेखत नोंदवून घ्या. त्यामुळे तिसऱ्याच कुणाला घर विकलं गेलं तर ‘आम्हाला माहीत नव्हतं’ म्हणायला जागा कमी उरते. पत्नीची आणि सज्ञान मुलामुलींची संमती देणार म्हणून सही घ्या, इसार चेकनेच द्या. आणि खरेदीची तारीख उसाच्या बिलावर ठेवू नका, ती कागदावर आकड्यात लिहा.