चाळिशी लागली म्हणजे नेमकं काय झालं?



आजचा विषय आहे चाळिशी. आपल्या भाषेत या एका शब्दाचे दोन अर्थ होतात. एक वय, आणि दुसरा चष्मा. नाव अगदी नेमकं आहे, कारण हा बदल चाळिशीच्या आसपास जवळपास प्रत्येकाला गाठतो. तरीही माणसं दोन-तीन वर्षं तो कबूल करत नाहीत. वर्तमानपत्र हळूहळू लांब जातं. मोबाईलवरची अक्षरं मोठी होतात. सुईत दोरा ओवायला मुलांना हाक मारली जाते. आणि मग एक दिवस हातच पुरेनासे होतात!

आता डोळ्यात होतं काय ते पाहू. बाहुलीच्या मागे एक पारदर्शक भिंग असतं. लांबचं पाहताना ते चपटं असतं. जवळचं पाहायचं झालं की भोवतीचा स्नायू आकुंचन पावतो आणि भिंग फुगीर होतं. भिंगाच्या या लवचिकपणावर आपलं वाचन चालतं. दहा वर्षांचं मूल सात-आठ सेंटीमीटरवरचं अक्षरही स्पष्ट पाहू शकतं. चाळिशीत हे अंतर साधारण वीस-पंचवीस सेंटीमीटर होतं, आणि साठीत जवळपास एक मीटर. म्हणजे भिंग कडक होण्याची क्रिया चाळिशीत सुरू होत नाही, ती लहानपणापासूनच चालू असते. चाळिशीत फक्त पुस्तक धरण्याच्या अंतरापर्यंत ती येऊन पोचते, म्हणून आपल्या लक्षात येते.

चष्म्याचं काम एवढंच की डोळ्यातलं भिंग जेवढं फुगू शकत नाही, तेवढी भर बाहेरून घालायची. ‘प्लस दोन’ म्हणजे काय? तर ते भिंग लांबून आलेला प्रकाश अर्ध्या मीटरवर एकत्र आणतं. प्लस एक असेल तर एक मीटरवर. चाळिशीत बहुधा प्लस एकच्या आसपास सुरुवात होते, साठीपर्यंत अडीचच्या आसपास पोचते आणि मग वाढ जवळपास थांबते.

इथेच तो नेहमीचा गैरसमज येतो. ‘चष्मा लावला की नंबर वाढतो, म्हणून होईल तेवढं टाळावं.’ मंडळी, नंबर वाढतो तो भिंग कडक होत जातं म्हणून. चष्मा लावा, नाहीतर कपाटात ठेवा, वाढ तेवढीच होणार. पण चष्मा लावल्यावर स्वच्छ दिसण्याची सवय होते, मग पूर्वीचं पुसट दिसणं सहन होत नाही, आणि आपण म्हणतो, ‘चष्म्याने डोळे बिघडवले!’ डोळ्यांच्या व्यायामाने भिंग पुन्हा मऊ होत नाही. गाजर जरूर खा. अ जीवनसत्त्व कमी पडलं तर रातांधळेपणा येतो, हे खरं आहे. पण गाजराने नंबर जात नाही.

बरं, चष्मा टाळल्याने जातं काय? आसाममधल्या चहामळ्यांत चाळिशी ओलांडलेल्या साडेसातशे कामगारांवर एक अभ्यास झाला. तो २०१८ साली ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’ या नियतकालिकात छापून आला. काहींना जवळचा चष्मा लगेच दिला, बाकीच्यांना अभ्यास संपल्यावर. ज्यांना चष्मा मिळाला, त्यांची पानं खुडण्याची क्षमता दुसऱ्या गटापेक्षा सुमारे २२ टक्क्यांनी जास्त वाढली. एका साध्या चष्म्याने! शिवणकाम, सोनारकाम, घड्याळ दुरुस्ती, यांतही नजर म्हणजे रोजीरोटीच आहे. आणि घरात? गोळ्यांच्या पाकिटावरची मुदत वाचता येत नाही, इन्सुलिनच्या सिरिंजवरच्या खुणा दिसत नाहीत. तिथे चूक झाली तर ती जिवावर बेतू शकते.

पण माझा खरा मुद्दा पुढेच आहे. चाळिशी निरुपद्रवी आहे. तिच्याच वयात जे आजार डोकावू लागतात, ते तसे नाहीत. काचबिंदूच घ्या. यात डोळ्यातून मेंदूकडे जाणारी नस हळूहळू मरते. बऱ्याचदा दुखत नाही, डोळा लाल होत नाही, समोरचं अक्षर शेवटपर्यंत वाचता येतं. नजर कडेकडेने जाते, आणि गेलेली परत येत नाही. मोतीबिंदूचं तसं नाही, तिथे शस्त्रक्रियेने नजर परत मिळते. काचबिंदूत फक्त उरलेली सांभाळता येते. मधुमेहातही डोळ्याचा पडदा आतून खराब होत असतो आणि सुरुवातीला दिसण्यात काहीच फरक पडत नाही.

म्हणून रस्त्यावरचा तयार चष्मा घेण्यात तोटा कोणता, तर त्याने डोळा बिघडत नाही, पण तपासणी राहून जाते. अक्षर दिसलं, काम झालं, डॉक्टरांकडे कशाला जायचं? दुकानात मशीनवर नंबर काढणं म्हणजे डोळे तपासणं नव्हे. तपासणीत डोळ्याचा दाब पाहतात, नस पाहतात, गरज असेल तर थेंब घालून बाहुली मोठी करून पडदा पाहतात. चाळिशीत एकदा हे करून घ्याच. पुढे किती दिवसांनी यायचं ते डॉक्टर सांगतील. मधुमेह असेल तर पडद्याची तपासणी दरवर्षी. घरात आई-वडिलांना किंवा भावंडांना काचबिंदू असेल तर चाळिशीचीही वाट पाहू नका.

घरी करण्यासारखी एक गोष्ट सांगतो. भिंतीवरच्या कॅलेंडरकडे एकेक डोळा झाकून पाहा. एका डोळ्याची नजर गेली तरी दुसरा सांभाळून घेतो आणि आपल्याला महिनोन्‌महिने पत्ता लागत नाही. अक्षर पुसट दिसलं तर जाड कागदाला टाचणीने भोक पाडून त्यातून पाहा. स्पष्ट झालं तर बहुधा नंबरचा प्रश्न आहे. नाही झालं तर लवकर दाखवा. मात्र या परीक्षेत काचबिंदू सापडत नाही, तेवढं लक्षात ठेवा.

(यानंतर श्रोत्यांनी प्रश्न विचारले. त्यांतले दोन येथे दिले आहेत.)

प्रश्न : माझी आई सत्तरीची आहे. आता ती चष्म्याशिवाय वाचते. डोळे सुधारले म्हणायचे का?

उत्तर : आनंद होतो खरा, पण आईंना तपासून घ्या. मोतीबिंदू पिकत असताना भिंगाची ताकद वाढते, त्यामुळे काही काळ जवळचं बरं दिसतं. लांबचं मात्र पुसट होत जातं.

प्रश्न : डोळे लाल झाले की औषधाच्या दुकानातून थेंब आणतो. चालेल ना?

उत्तर : नाही. त्यांतल्या काही थेंबांत स्टेरॉइड असतं. लाली लगेच जाते, म्हणून माणूस तीच बाटली वर्षभर वापरतो. त्यातून काचबिंदू आणि मोतीबिंदू दोन्ही होऊ शकतात. मध, गुलाबपाणी, लिंबू, असलंही काही डोळ्यात घालू नका.

आणि जाता जाता, चष्मा पदराने किंवा शर्टाने कोरडा पुसू नका. धुळीने काचेवर चरे पडतात. आधी पाण्याखाली धरा, मग मऊ कापडाने टिपा.