ट्राउटच्या नद्या आणि त्यांचे राखणदार : न्यूझीलंडचे वार्तापत्र

न्यूझीलंडच्या बहुतेक नद्यांवर १ ऑक्टोबरला मासेमारीचा हंगाम उघडतो आणि ३० एप्रिलपर्यंत चालतो. वऱ्हाडात जेव्हा पावसाळा सरून सोयाबीनची काढणी सुरू झालेली असते, तेव्हा या दक्षिण गोलार्धातल्या देशात वसंत ऋतू लागलेला असतो आणि दक्षिण बेटावरच्या सदर्न आल्प्स पर्वतावरील बर्फ वितळून पूर्वेकडच्या मैदानांतून वाहणाऱ्या नद्या भरू लागतात. रकाया, रांगीताता, वाइताकी ही त्यांतली काही नावे. डोंगरातून त्यांचे पाणी खाली आले, की गोट्यांच्या रुंद पात्रात अनेक धारांनी फुटते आणि समुद्राकडे जाते. या पाण्यात राहणारा ट्राउट हा सामन माशाच्या कुळातला, अंगावर ठिपके असलेला मासा आहे. त्याला थंड आणि प्राणवायूने समृद्ध असे वाहते पाणी लागते. पाण्याचे तापमान २० अंश सेल्सिअसच्या वर गेले की त्याची तगमग सुरू होते आणि २५ अंशांच्या आसपास ते टिकून राहिले तर तो जगत नाही.

मेळघाटातल्या सिपना, खंडू, खापरा, गडगा आणि डोलार या नद्या ऑक्टोबरात पाहणाऱ्याला दक्षिण बेटावरचा एखादा ओढा ओळखीचा वाटावा, इतके गोट्यांतून खळाळणारे पाणी आणि काठावरचे रान यांत साम्य आहे. ते साम्य माघापर्यंतच टिकते. वैशाखात अकोला-अमरावतीचा पारा ४५ अंशांकडे सरकतो, तापीला मिळणाऱ्या या नद्यांची धार तुटते आणि कोलकास, सेमाडोहसारख्या ठिकाणी जे डोह उरतात त्यांवर मासे, वन्यप्राणी आणि माणसे असे सगळेच अवलंबून राहतात. भारतात ट्राउट रुजला तो काश्मीर, हिमाचल, निलगिरी आणि मुन्नार अशा थंड प्रदेशांतच. वऱ्हाडात तो येण्याची शक्यता नाही आणि यावा अशी इच्छा धरण्याचेही कारण नाही. वऱ्हाडच्या वाचकाने या देशाकडे पाहावे ते माशासाठी नव्हे, तर त्या माशाच्या निमित्ताने नदीच्या प्रवाहाला जो कायदेशीर वाली मिळाला, त्यासाठी.

न्यूझीलंडमधील मासेमारीची रीत वेगळी असल्यामुळे ती थोडी उलगडून सांगावी लागते. ट्राउट पकडायला जाळे चालत नाही आणि पुष्कळ ठिकाणी गांडुळासारखे जिवंत आमिषही चालत नाही. गळावर पिसे, केस आणि रेशमी दोरा बांधून तयार केलेला कृत्रिम कीटक वापरतात आणि त्याला माशीच म्हणतात. ट्राउटचे पुष्कळसे खाणे म्हणजे पाण्यातील दगडांखाली वाढणाऱ्या कीटकांच्या अळ्या. हे कीटक कित्येक महिने पाण्याखाली काढतात, पंख फुटल्यावर पृष्ठभागावर येतात आणि काहींचे हवेतले आयुष्य तर एखाद्या दिवसातच संपते. त्या थोड्या वेळात मासे अधाशासारखे वर येतात. म्हणून येथे चांगला गळकरी तो, ज्याला कोणत्या आठवड्यात, कोणत्या वेळी, कोणता कीटक उडणार हे ठाऊक असते. मासा प्रवाहाकडे तोंड करून स्थिर राहतो, त्यामुळे त्याच्याकडे खालच्या अंगाने, सावली पाण्यावर पडू न देता जावे लागते. पाणी इतके स्वच्छ असते, की आधी मासा डोळ्यांनी हेरायचा आणि मगच दोरी फेकायची अशी पद्धत पडली आहे. पकडलेला मासा पुष्कळदा परत सोडतात. ठेवायचा असेल तर दिवसाला किती ठेवता येतील याची मर्यादा प्रत्येक नदीसाठी वेगळी ठरलेली असते.

नदीवर जाणे हा या देशाच्या सामान्य जीवनाचा भाग आहे. पाठीवर सामान घेऊन डोंगरदऱ्यांतून काही दिवस चालत राहण्याला येथे ट्रॅम्पिंग म्हणतात आणि त्यासाठी सरकारचा संवर्धन विभाग रानावनांत ९५० हून अधिक झोपड्या सांभाळतो. त्यांत झोपायला फळ्यांचे माचे असतात, बऱ्याच ठिकाणी लाकूड जाळायची शेगडी असते, आणि निघताना पुढच्या माणसासाठी लाकूड फोडून ठेवावे असा अलिखित संकेत आहे. अनेक नद्यांच्या काठाने सुमारे २० मीटर रुंदीची सार्वजनिक पट्टी राखलेली आहे. ती सलग नाही, पण जेथे आहे तेथे नदीकाठाने चालण्यापासून कोणी अडवू शकत नाही.

एवढ्या प्रेमाने जपलेला हा मासा मात्र या देशाचा नाही. १८६४ मध्ये इंग्लंडहून नॉरफोक नावाच्या जहाजातून ट्राउटची अंडी ओल्या शेवाळात गुंडाळून, बर्फाच्या कोठीत ठेवून, सुमारे तीन महिन्यांच्या प्रवासाने ऑस्ट्रेलियात आणि तेथून टास्मानियात पोहोचवली गेली. तेथे वाढलेल्या माशांची अंडी १८६७ मध्ये न्यूझीलंडला आली आणि तपकिरी ट्राउट रुजला. इंद्रधनुषी ट्राउट त्यानंतर १८८३ मध्ये कॅलिफोर्नियातून आला. हे काम ॲक्लिमटायझेशन सोसायट्यांनी केले. मायदेशातले प्राणी, पक्षी, झाडे नव्या भूमीत रुजवण्यासाठी वसाहतकारांनी स्थापन केलेल्या या संस्था होत. सशांपासून चिमण्यांपर्यंत त्यांनी आणलेल्या कित्येक जिवांनी पुढे उच्छाद मांडला.

तरीही या संस्थांच्या परंपरेतून एक गोष्ट उभी राहिली, तिचे महत्त्व फार मोठे आहे. इंग्लंडमध्ये सामन आणि ट्राउटच्या उत्तम नद्या जमीनदारांच्या मालकीच्या होत्या आणि गरिबाने तेथे गळ टाकणे हा गुन्हा ठरत असे. समुद्र ओलांडून आलेल्या मजुरांना आणि कारागिरांना ती व्यवस्था येथे नको होती. आजचा कायदा त्याच भूमिकेवर उभा आहे : न्यूझीलंडमध्ये ट्राउट विकता येत नाही, त्याची व्यापारी शेती होत नाही, कोणत्याही उपाहारगृहात तो मागवता येत नाही, आणि नदीकाठच्या जमिनीच्या मालकाला मासेमारीचा हक्क पैसे घेऊन देता येत नाही. ज्याला ट्राउट खायचा आहे त्याने परवाना काढावा आणि स्वतः पकडावा, किंवा पकडणाऱ्याने प्रेमाने दिला तर घ्यावा. बाजारच नसल्यामुळे नदी उपसून काढण्यात कोणाचा मोठा फायदा उरत नाही. आणि मासा सर्वांचा असल्यामुळे नदी बिघडली तर ती सर्वांचीच हानी ठरते.

१९९० मध्ये कायदा करून या जुन्या सोसायट्यांच्या जागी फिश अँड गेम ही व्यवस्था आली. तिची १२ प्रादेशिक मंडळे आहेत, त्यांचे सदस्य परवानाधारक निवडून देतात आणि तिचा खर्च मुख्यतः परवान्याच्या शुल्कातून चालतो. माशांच्या अधिवासाची, म्हणजे नदीच्या पाण्याची, काठाची आणि प्रवाहाची बाजू मांडणे हे तिचे कायद्याने नेमून दिलेले काम आहे. १९८१ पासून येथे जलसंवर्धन आदेश नावाची तरतूद आहे : एखादी नदी तिच्या वन्य सौंदर्यामुळे किंवा मासळीमुळे असामान्य असेल, तर तिच्यातून किती पाणी उचलता येईल आणि किती वाहते राहिलेच पाहिजे हे आदेशाने बांधून देता येते. रकायाला असा आदेश १९८८ मध्ये आणि साउथलँडमधल्या मातौरा नदीला १९९७ मध्ये मिळाला. या आदेशांसाठी गळकऱ्यांच्या संघटना वर्षानुवर्षे सुनावण्यांत उभ्या राहिल्या. गेल्या काही दशकांत कँटरबरी आणि साउथलँड या प्रांतांत मेंढ्यांची कुरणे मोडून दुग्धव्यवसाय पसरला, कँटरबरीत तर सिंचनावर. गोमूत्रातले आणि खतांतले नायट्रेट भूजलात उतरले, उन्हाळ्यात नद्यांचे पाणी घटले. याविरुद्ध ज्यांनी सर्वांत आधी आणि सर्वांत चिकाटीने आवाज उठवला त्यांत या गळकऱ्यांच्या मंडळांची गणना करावी लागते.

या कथेची दुसरी बाजू झाकून ठेवणे अन्यायाचे होईल. युरोपीय येण्याआधी माओरी लोकांच्या आहारात गोड्या पाण्यातल्या ईलला, ज्याला ते तुना म्हणतात, फार मोठे स्थान होते. हा वामसारखा लांबट मासा असून त्याची लांबपरी जात कित्येक दशके नदीत वाढते, आयुष्यात एकदाच अंडी घालते आणि त्यासाठी उष्ण कटिबंधातल्या पॅसिफिक समुद्रापर्यंत पोहत जाते. ट्राउटची पिल्ले खातो म्हणून सोसायट्यांनी याच ईलला शत्रू ठरवले, त्याच्या शेपटीमागे बक्षिसे लावली आणि तो मोठ्या संख्येने मारवला. उपोकोरोरो नावाचा देशी मासा नामशेष झाला. जंगलतोड आणि ट्राउट ही त्याची कारणे मानली जातात. १९५१ मध्ये त्याला कायद्याचे संरक्षण मिळाले तेव्हा तो दिसेनासा होऊन बरीच वर्षे झाली होती. ताउपो सरोवरात ट्राउट सोडल्यावर तेथील कोआरो या लहान देशी माशांचा साठा ढासळला आणि सरोवरावर जगणाऱ्या नगाती तुव्हारेतोआ या जमातीचे अन्न गेले. १९२६ च्या करारान्वये सरोवराचा तळ सरकारकडे गेला आणि परवान्याच्या उत्पन्नातला वाटा जमातीला मिळू लागला. १९९२ मध्ये तळाची मालकी जमातीकडे परत आली. मातौरावर २००५ मध्ये मातायताई जाहीर झाले, म्हणजे नदीचा असा भाग, जेथे पारंपरिक मासेमारीचे नियम स्थानिक माओरी लोकांमधून नेमलेले राखणदार ठरवतात. कानाकाना हा जबडा नसलेला, ईलसारखा दिसणारा मासा तेथील धबधब्यावर चढतो आणि तो पकडण्याचा हक्क पिढ्यान्‌पिढ्यांचा आहे. ज्या नदीवर ट्राउटसाठी प्रवाह राखला गेला तिच्यावरच कानाकानासाठी राखणदार नेमले गेले, हे या देशाने उशिरा का होईना केलेले चांगले काम आहे.

वऱ्हाडात नदी जाणणाऱ्या माणसांची उणीव कधीच नव्हती. कोणत्या डोहात मरळ पिल्ले सांभाळते, वाम कोणत्या कपारीत शिरते, पहिल्या पुराला मासे कोणत्या नाल्यात चढतात, हे भोई आणि कोरकू समाजांना पिढीजात ठाऊक आहे. परंतु त्यांच्या ज्ञानाला प्रवाहावरच्या हक्काची जोड मिळाली नाही. काटेपूर्णेवरचे महानचे धरण किंवा सिंभोऱ्याचे अप्पर वर्धा अशा जलाशयांत मच्छीमार संस्थांना ठेका मिळतो, तेथे कटला, रोहू, मृगळ यांचे बीज सोडले जाते. धरणाखालच्या कोरड्या पात्रातले देशी मासे कोणाच्याच हिशेबात येत नाहीत. पूर्णेचे खोरे तर खारपाणपट्ट्याचे, जेथे विहिरीचे पाणी पिण्याजोगे नसते. त्यामुळे वानच्या धरणातल्या पाण्यावर तेल्हाऱ्याचे शेतकरी आणि खारपाणपट्ट्यातली तहानलेली गावे यांचे हक्क समोरासमोर येतात, आणि दोन्ही हक्क खरे असतात. नदीत वाहत राहणाऱ्या पाण्याची बाजू मांडणारा तिसरा पक्ष त्या चर्चेत नसतो. अकोल्यात जानेवारी २०१८ मध्ये हजारो नागरिकांनी मोर्णेच्या पात्रात उतरून जलपर्णी काढली, तेव्हा लोकांना नदीची आच आहे हे दिसले. पण जलपर्णी पुन्हा येते, कारण सांडपाणी येत राहते; ते थांबवण्यासाठी दर वर्षी नेमाने सुनावणीला जाणारी, स्वतःचा पैसा असलेली आणि कायद्याने अधिकार दिलेली संस्था लागते, आणि न्यूझीलंडच्या गळकऱ्यांनी नेमके तेच उभे केले.

न्यूझीलंडची व्यवस्था जशीच्या तशी वऱ्हाडात नेता येणार नाही, कारण तेथे मासा हा छंद नसून उपजीविका आहे आणि विक्रीवर बंदी म्हणजे भोयांच्या चुलीवर बंदी. मातौरावरच्या राखणदारांच्या व्यवस्थेला अधिक जवळची एक तरतूद भारतीय कायद्यात मात्र आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याने सामूहिक हक्कांमध्ये जलाशयांतील मासे आणि इतर उत्पन्न यांवरील हक्क स्पष्टपणे नोंदवला आहे. अमरावती जिल्ह्यातल्या, मेळघाटच्या पायथ्याच्या पायविहीर या गावाला २०१२ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला आणि ग्रामसभेने उजाड टेकड्यांवर झाडे वाढवून दाखवली. जंगल राखणाऱ्या या ग्रामसभांनी आपल्या हद्दीतल्या नाल्यांची आणि डोहांची, त्यांतल्या माशांची आणि उन्हाळ्यात उरणाऱ्या पाण्याची नोंद ठेवायला सुरुवात केली, कोणत्या डोहात विणीच्या काळात जाळे टाकायचे नाही हे ठरावाने लिहून ठेवले, तर धरणातून किती पाणी खाली सोडावे या प्रश्नावर शासनासमोर ठेवायला त्यांच्याकडे कागद असेल. मेळघाट व्याघ्र प्रकल्पाच्या गाभ्यात मासेमारीला मनाई आहे, तेव्हा हे काम गाभ्याबाहेरच्या गावांनाच करावे लागेल. आणि सपाटीवर, जेथे पूर्णेला वनहक्काचा आधार नाही, तेथे भोयांच्या सहकारी संस्थांना जलाशयाच्या ठेक्याबरोबरच खालच्या नदीवरही बोलण्याचा अधिकार मिळावा अशी मागणी त्यांनी स्वतःच करायला हवी.