चुकांवर पहारा ठेवणारे गणित

पावसाळ्यात मुळशीच्या खोऱ्यात दूरध्वनीवरचे बोलणे पुष्कळदा तुटक ऐकू येते. पलीकडचा व्यापारी विचारतो, ‘‘भाताची सात पोती की साठ?’’ अलीकडचा शेतकरी तोच आकडा दोनतीन वेळा सांगतो आणि घोटाळा टळतो. या घरगुती उपायातच एका गहन शास्त्राचे बीज आहे. संदेशात जरुरीपेक्षा थोडे अधिक घालावे, म्हणजे वाटेत काही हरवले तरी मूळ अर्थ शाबूत राहतो. त्याच तालुक्यातील हिंजवडीच्या कचेऱ्यांतले असंख्य संगणक याच तत्त्वावर विसंबून असतात.

या शास्त्राच्या उभारणीस महाराष्ट्राचाही हात लागला आहे. पुढे मुंबई विद्यापीठात गणिताचे प्राध्यापक झालेले शरच्चंद्र श्रीखंडे (१९१७-२०२०) यांनी १९५९ साली राजचंद्र बोस यांच्यासह एक निबंध प्रसिद्ध केला. परस्परांपासून शक्य तितके भिन्न असे संकेत-शब्द रचणे आणि अधिक-उणे चिन्हांच्या विशिष्ट चौकोनी मांडण्या शोधणे, या दोन प्रश्नांतील नाते त्यात उलगडले होते. शब्द जितके भिन्न, तितकी चूक ओळखणे सुलभ.

परंतु पुंजसंगणकापाशी येताच हा उपाय लंगडा पडतो. साध्या संगणकातील बिट शून्य तरी असतो किंवा एक तरी. पुंजसंगणकातील क्यूबिट या दोहोंचे कोणत्याही प्रमाणातील मिश्रण धारण करू शकतो. अज्ञात क्यूबिटची हुबेहूब नक्कल करता येत नाही, हे १९८२ साली सिद्ध झाले. मग तोच शब्द तीनदा सांगावयाचा कसा? बरे, तपासावयास डोकावून पाहिले, तर पाहण्यानेच मिश्रण मोडते. यामुळेच पुढे नोबेल पारितोषिक मिळविणारे सर्ज हारोश यांच्यासारख्या शास्त्रज्ञानेही १९९६ साली, हे यंत्र स्वप्न आहे की दुःस्वप्न, अशी शंका जाहीरपणे घेतली होती.

वाट दाखविली ती सिद्धान्तकांनी. १९९५ साली पीटर शोर यांनी एका क्यूबिटमधील माहिती नऊ क्यूबिटांच्या परस्परसंबंधांत पसरून ठेवण्याची युक्ती मांडली. येथे नक्कल नाही, वाटणी आहे. तपासणीही मोठी चतुर आहे. दोन मोहोरबंद थैल्या तराजूत घातल्या, तर त्यांचे वजन सारखे आहे की नाही एवढे कळते. आत काय आहे ते गुप्तच राहते. तद्वत् क्यूबिटांना ‘तुम्ही कोण?’ असे न विचारता ‘तुम्ही सारखे आहात काय?’ एवढेच विचारावयाचे. उत्तरावरून चूक सापडते, रहस्य मात्र फुटत नाही. पुढे असे दिसून आले, की कोणत्याही एका क्यूबिटच्या चुकीपासून संरक्षण मिळण्यास निदान पाच क्यूबिट लागतात.

सिद्धान्तकाचे काम ते हेच. मांडणी कोणती करावी, प्रश्न कोणते विचारावेत, आणि उत्तरांवरून दोषाचे स्थान किती त्वरेने ओळखता येईल, हे त्याने ठरवावयाचे. काही यंत्रांत हा निवाडा सेकंदाच्या सुमारे दशलक्षाव्या भागात एकदा, अशा गतीने अखंड चालावा लागतो.

परंतु खरा पेच आहे तो उंबरठ्याचा. पहारेकरीही चुकणारेच असतात. प्रत्येक भागाच्या चुकीचे प्रमाण एका मर्यादेखाली असेल, तरच पहारेकरी वाढविल्याने चुका घटतात. मर्यादा ओलांडली, तर त्यांनीच चुका वाढतात. अलेक्सी किताएव यांच्या १९९७ च्या कल्पनेतून निघालेल्या, शेजाऱ्यांपुरतीच चौकशी करणाऱ्या चौकटीत ही मर्यादा शेकडा एकच्या आसपास येते. गूगलच्या शास्त्रज्ञांनी डिसेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात चौकटीची बाजू तीनवरून पाच व पाचावरून सात केली, तेव्हा चूक दर वेळी निम्म्याहून खाली आली. सातच्या चौकटीत माहिती वाहणारे ४९ क्यूबिट आणि त्यांवर पहारा करणारे ४८. एवढा फौजफाटा एका विश्वासू क्यूबिटसाठी! हा खर्च कमी कसा करावा, हा आजच्या सिद्धान्तकांपुढील मुख्य प्रश्न आहे.

भारत सरकारने एप्रिल २०२३ मध्ये सुमारे सहा हजार कोटी रुपयांची राष्ट्रीय पुंज योजना मंजूर केली. पुण्यातील आयसर संस्थेतही या क्षेत्रातील संशोधन चालते. सिद्धान्तकाची सामग्री म्हणजे बहुधा खडू, फळा आणि कागद. १९९५ साली कागदावर उतरलेल्या विचाराला धातूच्या पट्टीवर असा स्पष्ट कौल मिळावयास २९ वर्षे लागली. तेवढा काळ हिशेब चोख ठेवून वाट पाहणे, हाही या व्यवसायाचाच एक भाग होय.