प्रवेश मिळाल्यानंतरचं कॉलेज

दिव्यांग हक्क कायदा २०१६ साली झाला आणि १९९५च्या कायद्यात नसलेली स्वमग्नता त्यातल्या २१ प्रकारांत आली. ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्वाचा दाखला असेल, तर सरकारी व अनुदानित उच्च शिक्षण संस्थांत किमान ५ टक्के जागा राखीव असतात. प्रवेशाची वाट त्यामुळे थोडी मोकळी झाली. पण अभ्यास झेपत असतानाही स्वमग्न मुलं कॉलेजातून गळू शकतात, आणि त्याचं कारण कॉलेजच्या रोजच्या रीतीत शोधावं लागतं. शाळेत एक वर्ग, एक बाक, ठरलेल्या बाई असतात. अकरावीत हे सगळं एकदम सुटतं. तास कुठल्या खोलीत हलवला ते कुणीतरी कुणाला सांगितलेलं असतं. जिन्यावर गर्दी, कॅन्टीनमध्ये कानठळ्या बसवणारा गोंगाट. ‘चौघांचा ग्रुप करून सबमिशन द्या’ म्हणतात, पण ओळख नसलेल्यांत ग्रुप करायचा कसा, हे शिकवणं कुणाच्याच कामात बसत नाही. सगळ्यांत कठीण तोंडी परीक्षा. परीक्षक डोळ्यांत पाहून पाठोपाठ प्रश्न टाकतात. मनात उत्तर जुळत असतं, तेवढ्यात पुढचा प्रश्न येतो, आणि त्या गप्प राहण्याची नोंद ‘येत नाही’ अशी होते.

सवलतींनी दर्जा घसरेल, असा आक्षेप येतो. तो प्रामाणिक असला तरी परीक्षा नेमकं काय मोजते, हे तो विचारत नाही. रसायनशास्त्राच्या तोंडी परीक्षेत रसायनशास्त्र तपासायचं आहे, नजरेला नजर देणं नव्हे. तेच प्रश्न कागदावर दिले, उत्तराला थोडा अवधी दिला, तर कसोटी तीच राहते. लेखनिक घेण्यास पात्र विद्यार्थ्यांना लेखी परीक्षेत तासामागे २० मिनिटं जादा मिळतात, त्यामागचा विचारही हाच आहे. सर्वोच्च न्यायालयानेही २०२१मध्ये विकास कुमार प्रकरणात अशा वाजवी सोयींना समानतेचाच भाग मानलं. दुसरा आक्षेप अधिक खरा आहे: शंभरावर मुलांच्या वर्गात एकेकाकडे प्राध्यापक कसे पाहणार? काहींना सोबत माणूस लागेल, त्याला खर्च येईल, आणि तो संस्थेनेच उचलायला हवा. आज बहुतेकदा तो भार आईच्या दिवसावर पडतो. बाकी बऱ्याच गोष्टींना मात्र पैसा लागत नाही. बदललेलं वेळापत्रक आदल्या संध्याकाळी लेखी कळवावं, ग्रुप शिक्षकांनीच पाडावेत, ग्रंथालयातला एक शांत कोपरा राखावा, आणि अडचण आली तर कुणाकडे जायचं ते नाव प्रवेशाच्या दिवशीच सांगावं.