हिल्सबरोच्या बायका आणि आमची बाटली

मागच्या महिन्यात नांदेडहून परत येताना पिशवीत एक पुस्तक होतं. भाचीला अभ्यासासाठी हवं होतं म्हणून घेतलेलं. पंडिता रमाबाईंचं ‘युनायटेड स्टेट्‌सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त’. नाव वाचूनच छातीवर दडपण यावं! पण गाडीत खिडकीची जागा मिळाली, करायला दुसरं काही नव्हतं, म्हणून उघडलं. भोकर कधी गेलं, हिमायतनगर कधी गेलं कळलंच नाही. इस्लापूर आलं तेव्हा शेजारच्या बाईंनी हलवून सांगितलं, “उतरायचं नाही का वो?”

रमाबाई १८८६ साली अमेरिकेला गेल्या त्या आनंदीबाई जोशींच्या पदवीदानासाठी. ११ मार्चला फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयात आपली आनंदीबाई डॉक्टर झाली. रमाबाई तेव्हा इंग्लंडमध्ये होत्या. वय अठ्ठावीसच्या आत, नवरा वारलेला, पदरी पाच वर्षांची मनोरमा. गेल्या होत्या एका समारंभाला, राहिल्या अडीच वर्षांहून जास्त. हिंदू विधवांची स्थिती सांगत गावोगाव व्याख्यानं दिली, पुस्तक लिहिलं, मदत उभी केली आणि १८८९ च्या ११ मार्चला मुंबईत शारदा सदन उघडलं. हे आपण शाळेत थोडंफार शिकलो आहोत. पण या सगळ्या धावपळीत ही बाई तिथल्या बायकांकडे किती बारकाईने बघत होती, ते मला हे पुस्तक वाचेपर्यंत ठाऊक नव्हतं. परत आल्यावर १८८९ मध्येच त्यांनी हे पुस्तक मराठीत काढलं. म्हणजे तुमच्या-माझ्या पणजीसाठीच!

मला वाटायचं, अमेरिकेतल्या बायका पहिल्यापासूनच मोकळ्या. तसं काही नव्हतं हो. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथल्या लग्न झालेल्या बाईची मिळकत कायद्याने नवऱ्याची. कॉलेजची दारं बंद. चारचौघांत बोलायला उभी राहिली तर टिंगल. एलिझाबेथ ब्लॅकवेल तिथली पहिली पदवीधर डॉक्टरीण झाली ती १८४९ मध्ये, तीही बऱ्याच कॉलेजांनी नकार दिल्यानंतर. जे बदललं ते बायकांनी एकत्र येऊन एकेक करत बदलायला लावलं. रमाबाईंना नवल वाटलं ते या एकत्र येण्याचं.

आणि त्यात सगळ्यात मोठी फळी कशावरून उभी राहिली? दारूवरून!

शनिवारी बचत गटाच्या बैठकीत हप्ते गोळा झाले आणि मी ही गोष्ट सांगितली. ओहायो राज्यात हिल्सबरो नावाचं गाव. १८७३ चा डिसेंबर, म्हणजे तिकडे हाडं गोठवणारी थंडी. एका व्याख्यात्याचं भाषण ऐकून सत्तरेक बायका देवळातून, म्हणजे त्यांच्या चर्चमधून, निघाल्या. पुढे एलिझा थॉम्पसन, आठ लेकरांची आई. दारू विकणाऱ्या एकेका दुकानात जायचं, गुडघे टेकून प्रार्थना म्हणायची, मालकाला विनवायचं. शिवी नाही, दगड नाही. हे लोण काही महिन्यांत कितीतरी राज्यांत पसरलं. दुकानं बंद झाली...

“आन् मग उघडली आसतील,” आमच्या गटातली सगळ्यात मोठी बाई म्हणाली. तिने तीस वर्षं नवऱ्याची दारू सोसली आहे. तिला इतिहास शिकवावा लागत नाही.

खरंच, बरीच पुन्हा उघडली. तेव्हा बायकांच्या लक्षात आलं, नुसत्या विनवणीने भागत नाही. १८७४ मध्ये त्यांनी देशभराचा दारूबंदी संघ काढला. १८७९ पासून फ्रान्सिस विलार्ड त्याच्या अध्यक्ष. रमाबाईंचा आणि त्यांचा चांगला परिचय झाला. विलार्डबाईंचं म्हणणं साधं होतं: दारूचं दुकान ठेवायचं की नाही हे मतावर ठरतं, आणि त्याचा मार खाणाऱ्या आईला मत नाही, हे कसं? घर वाचवायला मत पाहिजे. ‘बायकांना राजकारण कशाला’ म्हणणाऱ्या घरातल्या बायकासुद्धा या एका वाक्यावर बाहेर पडल्या.

मग मी त्यांना अर्गोनियाची गोष्ट सांगितली. कॅन्सस राज्यातलं छोटंसं गाव. १८८७ च्या फेब्रुवारीत तिथल्या बायकांना नगराच्या निवडणुकीत मत मिळालं. रमाबाई तेव्हा अमेरिकेतच होत्या. एप्रिलमध्ये मतदान. दारूबंदीवाल्या बायकांची जिरवायची म्हणून काही पुरुषांनी त्यांच्यातल्या सुझॅना सॉल्टरचं नाव, तिला न विचारताच, नगराध्यक्षपदासाठी छापून टाकलं. वीस मतं पडतील, गाव हसेल, झालं! मतदानाच्या दिवशी लोक घरी सांगायला आले तेव्हा बाई धुणं धूत होती. “निवडून आलीस तर काम करशील का?” “करीन.” बायकांनी आपला ठरलेला उमेदवार सोडून तिला मतं दिली. सत्तावीस वर्षांची ही बाई त्या देशातली पहिली महिला नगराध्यक्ष झाली. वर्षाचा पगार एक डॉलर!

गटात हशा पिकला. आपल्याकडेही बाईचं नाव पुढे करून मागून गाडा हाकणारे थोडे नाहीत.

रमाबाई नुसत्या भारावून गेल्या नव्हत्या हं. गुलामगिरी संपून वीस वर्षं झाली तरी काळ्या माणसांना मिळणारी वागणूक त्यांना दिसली आणि त्यांनी ती लिहिली. टोपीवर शोभेला मेलेले पक्षी लावणाऱ्या बायकांनाही त्यांनी सोडलं नाही. मला ते फार आवडलं. पाहुणी गेली म्हणून डोळे मिटून घेतले नाहीत. आणि तिथली दारूबंदी १९२० मध्ये देशभर आली खरी, पण चोरटी दारू बोकाळली आणि १९३३ मध्ये ती उठली, हेही सांगायला हवं. बायकांचं मत मात्र १९२० मध्ये देशभर आलं, ते राहिलं.

आपल्याकडे मत आहे, ‘आडवी बाटली’ही आहे. पंचवीस टक्के महिला मतदारांच्या सह्या घेऊन मतदान मागायचं, आणि गावातल्या एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त मतं आडव्या बाटलीला पडली तर दुकान बंद. मतदानाला न आलेली बाई म्हणजे उभ्या बाटलीचंच मत.

शनिवारी वहीचं मागचं पान फाडून सह्या सुरू झाल्या. अकरा झाल्या. बारावीचा नवरा दारूच्या दुकानावरच कामाला आहे. तिने कागद हातात घेतला, वाचला, आणि शेजारणीकडे दिला. कोणी काही बोललं नाही. निघताना ती माझ्याजवळ आली आणि हळूच म्हणाली, “ताई, सह्या घरी दाखवत्यात का? आन् मतदानाच्या चिठ्ठीवर नाव आसतं का?”

चिठ्ठीवर नाव नसतं, एवढं मी तिला सांगितलं. पुढचा शनिवार हप्त्याचा आहे.