सीएच ७०१ : पत्र्याचं हलकं विमान

कॉन्कॉर्ड या स्वनातीत प्रवासी विमानावर काम केलेल्या क्रिस हाइन्ट्झ यांनी कॅनडात १९८६च्या सुमारास दोन आसनांचं, सबंध धातूचं एक हलकं विमान आखलं: झेनेअर सीएच ७०१. दिसायला ओबडधोबड, पण शेतातल्या तुकड्यावरून उडणारं.

मायक्रोलाइटमध्ये, म्हणजे अशा अगदी हलक्या विमानात, किलो-किलोचा हिशेब असतो. मग आवरणाला हलकं कापड सोडून पत्रा कशाला? पत्रा नुसतं आवरण राहत नाही, भारही पेलतो. पंखाचा पत्रा जेमतेम ०.४ मिलिमीटर, बोटाने दाबला तर लवणारा. आतल्या फासळ्यांना रिव्हेटने जखडला की तोच पंखाला पीळ पडू देत नाही. मिश्रधातू ६०६१-टी६, फार महाग नाही आणि सहसा गंजत नाही. रिव्हेट एका बाजूनेच ओढून बसवायचे, त्यामुळे पलीकडे ठोकळा धरायला दुसरा माणूस लागत नाही. घरच्या गॅरेजमध्ये विमान जोडणाऱ्याला हे मोठंच वरदान.

खरी करामत पंखाच्या पुढच्या कडेला आहे. तिथे एक अरुंद पट्टी कायमची बसवलेली असते. मधल्या फटीतून वेगाने आलेली हवा पंखाच्या पाठीला चिकटून राहते, म्हणून नाक बरंच वर केलं तरी उचल टिकते आणि ताशी पन्नासेक किलोमीटरलाही विमान हवेत तरंगतं. किंमतही आहेच: ती पट्टी सरळ उड्डाणात हवेला अडवते, त्यामुळे वेग बेताचाच. लांबच्या प्रवासाला हे विमान मी तरी सुचवणार नाही.

शेपटीचा आडवा पंख मात्र चक्क उलटा, फुगीर बाजू खाली. मंद वेगात नाक वर धरायला शेपटी खाली दाबावी लागते, म्हणून.