दगड एकच, दरड मात्र तिकडेच

औंढा नागनाथचा डोंगर आणि महाडचा कडा एकाच दगडाचे. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरावर थर साचलेला लाव्हा आमच्या हिंगोलीपासून थेट कोकणापर्यंत पसरला आहे. तरी दरडी कोसळतात त्या सह्याद्रीत. 2005 साली जुई आणि दासगाव, 30 जुलै 2014 ला माळीण, 22 जुलै 2021 ला तळिये, 19 जुलै 2023 च्या रात्री इर्शाळवाडी. एकट्या माळीणमध्ये 151 माणसे गेली.

फरक पडतो तो उताराने, पावसाने आणि दगडावर साचलेल्या मातीने. हिंगोलीत वर्षभरात साधारण 900 मिलिमीटर पाऊस पडतो. इर्शाळवाडीच्या परिसरात तीन दिवसांतच पाचशेच्या आसपास पडला होता. सह्याद्रीच्या उतारांवर वरचा खडक कुजून मुरूम आणि माती झालेली असते, खाली घट्ट कातळ असतो. मुरलेले पाणी कातळापाशी अडते, मातीत पाण्याचा दाब वाढत जातो आणि एका क्षणी तिची पकड सुटते. लाव्हाच्या दोन थरांमध्ये तांबडा मातकट पट्टा असेल, तर धोका आणखी वाढतो. त्यात पायथ्याशी रस्त्यासाठी किंवा शेतासाठी उतार कापला, की वरच्या मातीचा आधारच जातो.

दरडप्रवणतेचे नकाशे याच गोष्टींवर उभे राहतात. उतार, खडक, मातीची जाडी, झाडोरा, ओढे, जमिनीचा वापर अशा एकेक थराला वजन द्यायचे, ते थर एकमेकांवर ठेवायचे आणि जुन्या दरडींशी ताडून पाहायचे. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभागाने 2014 नंतर देशभर असे काम हाती घेतले, मोठ्या मेहनतीने केले. पण त्याचे प्रमाण 1:50,000 आहे. नकाशावरचा एक सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचे अर्धा किलोमीटर. पन्नास घरांची वाडी त्यावर तांदळाच्या दाण्याएवढी. इर्शाळवाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती, हे दुर्घटनेनंतर सरकारनेच सांगितले.

माझ्या मते खरी उणीव नोंदींची आहे. घाटरस्त्यावर किंवा रेल्वेमार्गावर दरड आली की वाहतूक अडते, म्हणून तिची नोंद होते. डोंगरावरच्या आदिवासी वाडीच्या मागे ओघळ उतरला, तर तो वाडीतल्या माणसांच्या आठवणीतच राहतो. अशा अपुऱ्या यादीवर कितीही चांगले गणित मांडले, तरी नकाशा रस्त्यांना जास्त आणि वाड्यांना कमी ओळखतो. शिवाय हा नकाशा कुठे एवढेच सांगतो, कधी ते सांगत नाही. त्यासाठी पर्जन्यमापक वाडीजवळ हवा आणि उतारावर रोजची नजर हवी. जमिनीला नवी भेग, कललेली झाडे, एकाएकी गढूळ झालेला झरा, अचानक घट्ट बसू लागलेले दार या खुणा गावकऱ्यांनाच आधी दिसतात.

हिंगोलीकरांनी हे परके प्रकरण समजू नये. आपल्याकडे डोंगर घसरत नसला, तरी जमीन हादरते. 21 मार्च 2024 ला आणि पुन्हा 10 जुलैला 4.5 तीव्रतेचे धक्के बसले; नांदेड-परभणीपर्यंत माणसे घराबाहेर धावली. वसमत तालुक्यातल्या पांगरा शिंदे गावचे लोक जमिनीखालून येणाऱ्या आवाजांबद्दल वर्षानुवर्षे सांगत आले आहेत. दगडमातीची जुनी घरे आणि टिनपत्र्यांवर ठेवलेले दगड अशा धक्क्यांत किती टिकतील, याची घराघराने पाहणी हवी. किल्लारीला 1993 च्या भूकंपात दगडमातीच्या जाड भिंतींनीच झोपलेली माणसे गाडली.

म्हणून विनंती आहे, ती महाडच्या वाडीला आणि कळमनुरीच्या तांड्याला सारखीच. ग्रामपंचायतीने एक नोंदवही ठेवावी. भेग, ओघळ, आवाज, धक्का, जे घडेल ते तारीख, वेळ आणि जागेसह लिहावे, आणि दरवर्षी मे महिन्याच्या आत तिची प्रत तहसील कार्यालयात देऊन पोच घ्यावी.